दोनशे बारावी चाचणी

(जळगाव, जानेवारी १९९५. एका छापखान्याच्या वरची खोली, सकाळचे नऊ. पितांबर तंत्रनिकेतनातली नोकरी सोडलेला मास्तर. सुनंदाबाई धुळ्याच्या कोर्टातून निवृत्त झालेल्या टंकलेखिका. पितांबरचे वडील वनाआबा अहिराणी बोलतात: ‘शे’ म्हणजे आहे, ‘उनू’ म्हणजे आलो, ‘व्हयना’ म्हणजे झाला, ‘बठ्ठा’ म्हणजे सगळा, ‘काबर’ म्हणजे का.)

सुनंदाबाई – मग पुन्हा चालव.

पितांबर – तीनदा चालवली, अक्का. तिन्ही वेळा पास.

सुनंदाबाई – पास झाली म्हणून कोणी असं डोकं धरून बसतं का? बारा वाजता कंपनीचे पोंक्षे साहेब तुझं काम बघायला पुण्याहून येतील. त्यांना काय हा चेहरा दाखवणार आहेस?

पितांबर – ती नापास व्हायला हवी होती.

सुनंदाबाई – कोणती?

पितांबर – दोनशे बारावी. एकच काम पुन्हा पुन्हा करायला लावणारा हुकूम असतो ना, त्याची. सकाळी जरा डागडुजी करावी म्हणून मी गिरणा शेलमधला तो भागच काढून ठेवला. आत काहीच नाहीये. हात कापलेल्या माणसाला टाळी वाजव म्हटलं, आणि त्याने वाजवली.

सुनंदाबाई – म्हणजे तुझी गिरणा तुला वाटते त्याहून हुशार आहे.

पितांबर – थट्टा नको, अक्का. आज नको.

सुनंदाबाई – बरं, नाही करत. पण मला समजेल असं सांग. चार वर्षं तू हा शेल लिहितोयस. माणसाने टाइप केलेला हुकूम मशीनला समजावून सांगणारा दुभाष्या, इतपत मला कळतं. आणि आठ महिने मी त्याची उलटतपासणी घेतेय. त्या जाड ग्रंथात दुभाष्याने कसं बोलावं ते लिहिलंय, म्हणजे इथला हुकूम दिल्लीच्या मशीनवरही तसाच चालेल. त्यातलं वाक्य न् वाक्य घेऊन मी सहाशे अडतीस चाचण्या टाइप केल्या. सहाशे सत्तावीस पास. प्रत्येक पानावर माझी सही आहे. यात चुकलं कुठे?

पितांबर – जिची उलटतपासणी घेतली ती गिरणाच होती का, हे मी बघतोय.

सुनंदाबाई – दुसरं कोण असणार? या खोलीत आहे कोण तिसरं?

पितांबर – मशीनबरोबर आलेला जुना शेल. कंपनीचा. ग्रंथाप्रमाणे ‘एसएच’ या नावाने हाक मारली की जो उठेल तो शेल, आणि चाचण्या त्याच नावाने हाक मारतात. म्हणून मी रोज संध्याकाळी गिरणा त्या नावाच्या जागी बसवून घरी जातो. आणि आत्ता बघितलं, तर त्या जागी जुनाच बसलाय.

सुनंदाबाई – काल बसवायचं विसरला असशील.

पितांबर – काल बसवली. मी स्वतः बसवली. रात्रीतून कोणी उठवली तिला?

सुनंदाबाई – पितांबर.

पितांबर – थांबा, मशीन चालू होताना जी यादी वाचतं ती उघडतो. काही असेल तर तिथेच असेल.

सुनंदाबाई – पितांबर, थांब जरा. गेल्या मे महिन्यात, आखाजीच्या सणाला, तू पारोळ्याला गेला होतास.

पितांबर – हो, बहिणीला माहेरी आणायला. त्याचं काय?

सुनंदाबाई – तेव्हा लाईट गेली होती. आली तेव्हा मशीन उठेचना. पडदा काळा, एक रेघ लुकलुकत बसलेली. तुझं सगळं त्यात. मग मी कंपनीच्या नाशिकच्या इंजिनिअरला फोन लावला.

पितांबर – तुम्ही हे मला कधी सांगितलं नाही.

सुनंदाबाई – मशीन बंद पडलं होतं, चालू झालं, इतकं सांगितलं होतं. तू म्हणालास, छान. तो इंजिनिअर म्हणाला, नवा शेल अजून कच्चा आहे, मशीनला उठताना तो पेलवत नाही. जुन्याची एक प्रत बाजूला ठेवा आणि मशीन चालू होताना तीच जागेवर येईल असं करा. त्याने एकेक अक्षर सांगितलं, मी टाइप केलं. एकच ओळ होती.

पितांबर – सापडली. चौदा मे. एकच ओळ.

सुनंदाबाई – मला वाटलं, उठण्यापुरतंच असेल. मशीन उठलं की तुझी गिरणा पुन्हा आपल्या जागी जाईल.

पितांबर – ती आपोआप कशी जाईल, अक्का? तिला मी संध्याकाळी बसवणार, आणि सकाळी तुम्ही येऊन पहिलं काम काय करता?

सुनंदाबाई – मशीन बंद करून पुन्हा चालू करते. तूच सांगितलंस. कालच्या चाचणीचं खरकटं आजच्या चाचणीला लागू नये, रोज स्वच्छ मशीन हवं. मी तुला सोवळेकरी म्हणून चिडवायचे, आठवतं का.

पितांबर – आठवतं.

सुनंदाबाई – म्हणजे रोज सकाळी मी तिला जागेवरून उठवत होते आणि जुन्याला बसवत होते.

पितांबर – रोज. आठ महिने. तुमच्या त्या सहाशे अडतीस चाचण्यांपैकी गिरणाने एकही दिलेली नाही. एकही नाही.

सुनंदाबाई – आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं.

पितांबर – मी हाताने करून बघायचो तेव्हा तिला तिच्या नावाने हाक मारायचो. गिरणा म्हटलं की गिरणाच यायची. मला सोप्या सोप्या गोष्टी विचारायची सवय. आपल्या पोराला कोणी अवघड विचारतं का?

सुनंदाबाई – आणि त्या अकरा नापास?

पितांबर – त्या कशाला काढता आता?

सुनंदाबाई – काढणार. त्या अकरांसाठी तू गिरणा तीन तीनदा दुरुस्त केलीस, तरी नापासच. मग तू म्हणालास, अक्का, तुमचं टाइपिंग चुकत असेल. मी चार वेळा टाइप केल्या त्या. चष्म्याचा नंबर बदलून आणला. बत्तीस वर्षं कोर्टात माझ्या टाइपिंगला कोणी बोट लावलं नव्हतं, आणि मी तुझं ऐकून घेतलं.

पितांबर – चुकलो.

सुनंदाबाई – दुरुस्ती तू गिरणात करत होतास आणि परीक्षेला दुसराच बसत होता. पास कशी होणार? तेव्हाच कळायला हवं होतं. तुला नाही तर मला. बाकीच्या सगळ्या एका सुरात पास. कोर्टात साक्षीदार इतके एका सुरात बोलले की जज्जसुद्धा मान वर करून बघायचे. मी मात्र खाली मान घालून सह्या करत राहिले.

पितांबर – ती ओळ मी काढलीय. गिरणा जागेवर बसवलीय, सकाळी काढलेला भागही परत घातलाय. पहिल्यापासून चालवतो.

सुनंदाबाई – सगळ्या?

पितांबर – चाळीस मिनिटं लागतात. दहा वाजतील. कदाचित काही बिघडलेलं नसेल.

सुनंदाबाई – चालव. मी वाचते. पहिली पास.

पितांबर – पहिलीत काही करायचंच नसतं. गप्प बसायचं आणि सगळं ठीक आहे म्हणून परत यायचं.

सुनंदाबाई – ते जमलं तिला. दुसरी पास. तिसरी पास. चौथी पास. पाचवी नापास.

पितांबर – पाचवी?

सुनंदाबाई – सहावी नापास. सातवी, आठवी. पितांबर, या सगळ्या नापासच चालल्यात.

पितांबर – थांबा, पाचवीत काय आहे ते बघू द्या मला.

वनाआबा – शे का कोनी घरमा? जिना कितला अंधारा शे तुमना.

सुनंदाबाई – तुझे वडील आले. पारोळ्याहून इतक्या सकाळी?

पितांबर – आबा, तुम्ही आज कशाला आलात?

वनाआबा – आज काबर नही? आज तुना कामना निकाल शे ना? पहिली यष्टी धरी उनू. आयनी भरीत दिधं शे, भाकरी शेत. आनी हाऊ नारळ, त्या मशीनपुढे फोडाले. गावमा बठ्ठासले सांगी उनू.

पितांबर – काय सांगितलं गावात?

वनाआबा – का मन्हा पोऱ्याना शेल पास व्हयना. शेल म्हनजे काय, ते कोनले समजनं नही, माले बी नही. पन पास म्हनजे काय ते बठ्ठासले समजस.

सुनंदाबाई – बसा आबा. पाणी घ्या.

वनाआबा – बसस. पन तुमना तोंडं असा काबर शेत? कोनी मरनं का?

पितांबर – कोणी नाही.

सुनंदाबाई – पस्तिसावी नापास. छत्तिसावी पास. सदतीस, अडतीस नापास.

वनाआबा – नापास? हाई काय वाची ऱ्हायन्यात तुम्ही?

पितांबर – अक्का, वाचू नका मोठ्याने.

सुनंदाबाई – एक्केचाळिसावीला थांबलंय ते. पडदा हलत नाही.

पितांबर – मेली.

वनाआबा – कोन?

पितांबर – गिरणा, आबा. माझा शेल. एक्केचाळिसाव्या चाचणीवर तिचा जीव गेला. चाळीसातल्या किती पास, अक्का?

सुनंदाबाई – नऊ.

वनाआबा – बाई, तुम्ही सांगा. पोऱ्या माले काही सांगाव नही. चार वरीसमा सांगं नही, आज काय सांगी.

सुनंदाबाई – आबा, परीक्षा आठ महिने चालली होती. पण ती तुमच्या पोराने केलेल्या शेलची नव्हतीच, मशीनबरोबर आलेल्या जुन्याची होती. आम्हाला ते आज सकाळी कळलं. जुना प्रत्येक वेळी पास होत होता आणि आम्ही नव्याच्या नावावर लिहीत होतो. जुन्याला जागेवर बसवणारी मी.

वनाआबा – तुम्ही? तुमनासारखी बाई असं कसं करी?

सुनंदाबाई – आखाजीच्या आदल्या आठवड्यात तुम्ही इथे आला होतात. आंब्याची पाटी घेऊन. आठवतं? तेव्हा कपाशीचं नवं बियाणं आणलं होतं तुम्ही. मी विचारलं, सगळ्या वावरात तेच लावणार का? तुम्ही काय म्हणालात?

वनाआबा – म्हननू, नवं बी कितलंबी चांगलं राहो, बांधले चार वळी जुना बीन्या ठेवाना. नवं बुडनं तर बी तं ऱ्हास घरमा. मन्हा बाप तसंच करे.

सुनंदाबाई – चार ओळी जुन्या बियाच्या, ते माझ्या डोक्यात होतं. मशीन उठत नव्हतं, इंजिनिअर म्हणाला जुना ठेवा, आणि मला तुमचं बोलणं आठवलं. वाटलं, शहाणपणाचंच आहे की. म्हणून पितांबरला विचारलंसुद्धा नाही.

वनाआबा – चार वळी म्हननू व्हतू मी. बठ्ठं वावर नही.

सुनंदाबाई – हो. वावर कधी गेलं ते मला कळलं नाही.

वनाआबा – म्हनजे हाई मन्हाच तोंडनं शे.

पितांबर – आबा, तुमचा काही संबंध नाही. उगाच लावून घेऊ नका.

वनाआबा – लागस रे, भाऊ. आपलं बोलनं कोनता वावरमा जाई पडस, काय सांगता येस?

सुनंदाबाई – पितांबर, दीड तास डोकं घालून बसलायस. पाचवीत काय निघालं?

पितांबर – पाया.

सुनंदाबाई – नीट सांग.

पितांबर – समजा एका डब्यात कोणाचं नाव ठेवलंय, सोनी बाई. दोन शब्द. ग्रंथ म्हणतो, आधी डबा उघडा, मग आतले शब्द मोजा. गिरणा आधी शब्द मोजते आणि मग डबा उघडते. तिला वाटतं आत एकच शब्द आहे. पुढचं सगळं तिथून चुकत जातं.

सुनंदाबाई – एवढंच ना? मग उलटं कर. आधी उघड, मग मोज.

पितांबर – मे महिन्यात केलं असतं, अक्का. आठ दिवसांचं काम होतं. पाचवी चाचणी तेव्हा नापास झाली असती तर त्याच दिवशी कळलं असतं. त्यासाठीच असतात चाचण्या. सगळ्या पास होत गेल्या म्हणून मी त्याच पायावर आठ महिने माडी चढवली. आता पाया काढायचा तर माडी उतरवावी लागेल. वर्ष, दीड वर्ष.

वनाआबा – मंग दीड वरीस कर. त्यामा काय शे? कपाशी बी एक साल बुडस.

पितांबर – पोंक्षे थांबणार नाहीत, आबा. त्यांच्या पत्रात स्पष्ट आहे. या महिन्यात शेल ठरवायचा आणि कंपनीच्या सगळ्या मशीनवर घालायचा. बेंगलोरचा एक तयारच आहे. त्यांनी आपल्यासाठी आजपर्यंत थांबवून धरलं, कारण मी डिसेंबरात लिहून कळवलं, सगळ्या चाचण्या झाल्या म्हणून. आज गिरणा गेली की गेली. पुन्हा तिला कोणी विचारणार नाही. नोकरी गेली, चार वर्षं गेली, आणि हाती काय आलं तर चाळीसातल्या नऊ.

सुनंदाबाई – किती वाजले?

पितांबर – साडेअकरा होत आलेत. अक्का, एक सांगू?

सुनंदाबाई – सांग.

पितांबर – ती ओळ परत टाकता येते.

सुनंदाबाई – कोणती ओळ?

पितांबर – तुमची. चौदा मेची. ती टाकली, पोंक्षेंच्या समोर मशीन बंद करून चालू केलं, की सहाशे सत्तावीस पास होतील. डोळ्यांदेखत. ते फाईल घेऊन जातील. त्यांच्याकडे गिरणा प्रत्यक्ष बसवायला चार महिने लागतील, तोवर मी रात्रंदिवस बसून करीन काहीतरी.

सुनंदाबाई – आत्ताच दीड वर्ष म्हणालास.

पितांबर – करीन म्हणतोय ना.

सुनंदाबाई – आणि चार महिन्यांत नाही झालं तर? कुठल्या तरी ऑफिसात कोणी हुकूम देईल, दोन शब्दांचं नाव असेल, आणि ही एकच शब्द मोजेल. कोणाचं काय पुसलं जाईल, सांगता येतं का?

पितांबर – तुम्हाला फक्त गप्प बसायचंय.

सुनंदाबाई – फाईलवर माझी सही आहे, पितांबर. बत्तीस वर्षं मी कोर्टात टाइप केलं. खोटं टाइप केलं नाही असं कसं म्हणू? ढीगभर केलं. पण ते दुसऱ्याचं होतं, खाली सही त्याची असायची. ही पानं माझी आहेत. आज सकाळी नऊपर्यंत ती चूक होती. आता ती खोटी आहेत.

पितांबर – वा. चूकही तुमची आणि सचोटीही तुमचीच. माझ्या वाट्याला काय ठेवलंत?

सुनंदाबाई – बोल. बोलून घे. तुला तेवढा हक्क आहे.

पितांबर – तुम्ही त्या दिवशी मला एक फोन केला असता तर.

सुनंदाबाई – केला असता तर. आठ महिने हेच म्हणत बसणार आहे मी, घरी. तू वेगळं सांगायला नको.

वनाआबा – पितांबर.

पितांबर – काय, आबा?

वनाआबा – बाईले असं बोलू नको. आनी माले एक सांग. तो साहेब ते जुनं बी लई जाई, आनी पोतावर नाव तुनं राही. असंच ना?

पितांबर – तसंच.

वनाआबा – मंग उगनं काय ते तं दखाईच जाई. बी लपस, पीक लपत नही.

पितांबर – तुम्ही गावात सांगून आलात, आबा. संध्याकाळी पारावर काय सांगाल?

वनाआबा – सांगसू का नापास व्हयना. हाई बी बठ्ठासले समजस.

पितांबर – तुम्हाला वाईट नाही वाटत?

वनाआबा – वाटस ना रे. लई वाटस. यष्टीमा सारा रस्ता नारळ मांडीवर धरी उनू, खाली ठेवं नही. वाईट काबर वाटाव नही?

सुनंदाबाई – खाली रिक्षा थांबली.

पितांबर – बाराला दहा कमी आहेत. तेच असतील.

सुनंदाबाई – फाईल दे इकडे.

पितांबर – काय करता?

सुनंदाबाई – पानं फाडत नाहीये, घाबरू नकोस. प्रत्येक पानावर आडवी रेघ मारतेय. वर तारीख टाकते, आजची. खाली लिहिते, चाचणी दुसऱ्याच शेलची झाली. आणि सही.

पितांबर – सहाशे अडतीस पानांवर?

सुनंदाबाई – जितक्यांवर होईल तितक्यांवर. ते जिना चढून येईपर्यंत पाच तरी होतील.

पितांबर – माझ्या हातून तोंडाने सांगणं होणार नाही, अक्का. पहिलं वाक्यच सुचत नाहीये.

सुनंदाबाई – पाचवी चाचणी दाखव. तिच्यात सगळं आहे. नाहीतर मी सांगते, ओळ मी टाकली म्हणून.

पितांबर – नाही. गिरणा माझी आहे. मीच सांगतो.

वनाआबा – जिनामा पाय वाजी ऱ्हायना. तांब्या कोठे शे?

पितांबर – असू द्या, आबा. ते काही बसायला नाही येत. ऐकतील आणि जातील.

वनाआबा – पुनाथून उना तो. रातभर गाडीमा बसेल व्हई. पह्यले पानी दे त्याले. मंग सांग.